एक नाही, चार मतं द्यायची आहेत: पंधरा तारखेचं मतदान आणि महापालिकेतली आपली रखडलेली कामं

कोल्हापूर : महापालिकेसाठी गुरुवारी, 15 जानेवारी 2026 रोजी मतदान आहे. वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच. मतमोजणी दुसऱ्या दिवशी, 16 तारखेला. माघारीची मुदत संपली, चिन्हं मिळाली, रिक्षा फिरायला लागल्या. आमच्याकडे मात्र अजून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय : "चार मतं म्हणजे नक्की काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या शहरात नगरसेवक निवडायला लोक याआधी गेले होते ते 1 नोव्हेंबर 2015 ला. तेव्हा 81 प्रभाग होते, प्रत्येकाला एक नगरसेवक. आत जायचं, एक बटण दाबायचं, बाहेर यायचं. त्या सभागृहाची मुदत 15 नोव्हेंबर 2020 ला संपली आणि तेव्हापासून महापालिकेत प्रशासक आहेत. म्हणजे पाच वर्षं दोन महिने शहराला नगरसेवकच नाही. 1 जानेवारी 1997 नंतर जन्मलेल्या बहुतेकांनी आजवर कोल्हापूर महापालिकेसाठी मत दिलेलं नाही. एकोणतीस वर्षांच्या आतली बहुतेक पोरं-पोरी या बाबतीत नवखीच आहेत, आणि जुन्यांनाही पद्धत नवीन आहे.

आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल, प्रशासक येण्याआधी शहराच्या शेवटच्या महापौर निलोफर आजरेकर होत्या. त्याआधी 2016 मध्ये हसीना फरास महापौर झाल्या. त्यामुळे महापालिका ही आपल्यापासून लांबची गोष्ट आहे असं कुणी म्हणू नये.

चार मतं कशी द्यायची

यावेळी 81 जागा तेवढ्याच आहेत, पण प्रभाग 20 केलेत. पहिल्या 19 प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक, आणि 20 नंबरच्या प्रभागात पाच. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी नावं आहेत. प्रत्येक मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचं. चार जागा असतील तर चार मतं, 20 नंबरमध्ये पाच.

इथे पहिला गोंधळ होतो. अ जागा महिलांसाठी राखीव, ब जागा ओबीसींसाठी, असं कळलं की लोक विचारतात, "मग महिलांच्या जागेला फक्त बायकांनीच मत द्यायचं का? आम्ही ओबीसी नाही, मग आम्ही ते बटण सोडायचं का?" नाही. आरक्षण उमेदवाराला आहे, मतदाराला नाही. प्रभागातल्या प्रत्येक मतदाराने, पुरुष असो की बाई, कुठल्याही जातीचा असो, सगळ्या जागांना मत द्यायचं आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून ओबीसी जागेची चर्चा मोहल्ल्यात जास्त चालते. ती चालू दे. पण त्या नादात बाकीच्या तीन जागांकडे दुर्लक्ष नको.

दुसरी गोष्ट रंगाची. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी आणि ड ची फिकट निळी. त्या यंत्रावर लावलेल्या असतात. उमेदवार जास्त असतील तर एका जागेसाठी एक यंत्र लागेल. कमी असतील तर दोन जागांच्या पत्रिका एकाच यंत्रावर बसू शकतात. म्हणून यंत्रं मोजत बसू नका, रंग बघा. प्रत्येक रंगात एक बटण. प्रत्येक जागेच्या यादीत शेवटी 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटा असतोच. एखाद्या जागेचा एकही उमेदवार पटत नसेल तर ते बटण दाबा, पण ती जागा मोकळी सोडून बाहेर येऊ नका.

कारण असं की सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्यावरच मतदान पूर्ण झाल्याचा लांब बझर वाजतो. घरात आई-वडील किंवा आजी असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. एक बटण दाबून "झालं की" म्हणून परत फिरणारे म्हातारे लोक यावेळी भरपूर असणार आहेत, आणि कर्मचाऱ्याने परत आत पाठवलं की ते बावरतात. बझर ऐकूनच बाहेर यायचं, एवढं एक वाक्य पाठ करून घ्या.

नोटाबद्दल जाता जाता. विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी त्याचा निकालावर परिणाम होत नाही. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणून इथलं नोटाचं बटण अगदीच शोभेचं नाही.

पॅनेलचा विषयही आहेच. प्रचाराला येणारा प्रत्येक जण सांगतो की चारही बटणं आमच्याच चिन्हासमोर दाबा. त्यांनी सांगायचं काम केलं. तुमच्यावर तसं काही बंधन नाही. अ मध्ये एका पक्षाची बाई चांगली वाटली, क मध्ये अपक्ष कामाचा वाटला, तर तसं मत देता येतं आणि ते शंभर टक्के वैध असतं. उलट चार सदस्यांच्या प्रभागाचा मतदाराला झाला तर एवढाच फायदा आहे की चार माणसं चार कारणांसाठी निवडता येतात. मतपावतीचं यंत्र, म्हणजे विधानसभेला काचेतून चिठ्ठी दिसते ते, यावेळी नसणार. कुणी "चिठ्ठी का आली नाही" म्हणून केंद्रावर वाद घालू नये.

नाव कुठे आहे, ते आज बघा

मतदान कार्ड खिशात असलं म्हणजे मत देता येतं, हा समज अजून जात नाही. यादीत नाव पाहिजे. महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची 1 जुलै 2025 ची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे तोडली आहे. त्या तारखेपर्यंत ज्याचं नाव नोंदलेलं होतं त्यालाच मत. त्यानंतर अठरा पूर्ण झालेल्या किंवा त्यानंतर अर्ज दिलेल्या मुलांना यावेळी मत देता येणार नाही, त्यात कुणाची लबाडी नाही.

यादी तोडताना मात्र घोळ होतात. एकाच घरातली नवरा-बायको दोन केंद्रांवर जातात, गल्लीची एक बाजू या प्रभागात आणि दुसरी त्या प्रभागात. सदर बाजार, अकबर मोहल्ला, यादवनगर, जवाहरनगर, बागल चौक, कुठेही राहत असा, "मागच्या वेळी याच शाळेत होतं" यावर विसंबू नका. राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा 'मताधिकार' ॲपवर नाव किंवा मतदान कार्डाचा नंबर टाकून प्रभाग, केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक बघता येतो.

नाव शोधताना एक आमच्याच लोकांची अडचण. आपली नावं यादीत एका पद्धतीने कधीच नसतात. मोहम्मद कुठे 'महंमद' असतो, कुठे 'महमद', कुठे नुसता 'मो.'. शेख आडनाव कधी पुढे, कधी मागे. बायकांच्या नावामागचं 'बी' किंवा 'बानू' कधी जोडून, कधी तोडून, कधी गायब. ॲपने "नाव सापडत नाही" म्हटलं म्हणून नाव कापलं गेलं असं लगेच धरू नका. कार्डाच्या नंबरने शोधा. तरी नाही मिळालं तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव शोधून त्या पानावर वर-खाली बघा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथेच, वेगळ्या अक्षरांत, सापडतं. स्पेलिंग चुकीचं आहे एवढ्यावरून केंद्रावर कुणी परत पाठवू शकत नाही. माणूस तोच आहे हे ओळखपत्रावरून पटलं की झालं.

दुसरा प्रकार दोन ताऱ्यांचा. ज्यांची नावं दोन ठिकाणी दिसली त्यांच्या नावासमोर आयोगाने दोन तारे () टाकलेत. मुलगी इचलकरंजीची किंवा मिरजेची, लग्न होऊन कोल्हापुरात आली, इथे नाव घातलं आणि माहेरचं काढलंच नाही, असं आपल्याकडे घरोघरी आहे. इचलकरंजी आणि सांगली-मिरज-कुपवाड या महापालिकांचं मतदानही त्याच दिवशी आहे. तारे असले म्हणून मत जात नाही. केंद्रावर हमीपत्र लिहून द्यावं लागेल की मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही. ओळखपत्र नीट तपासतील. त्यात अपमान मानून माघारी येऊ नका, आणि खरोखर दोन ठिकाणी मत द्यायचा विचार तर अजिबात नको. तो गुन्हा आहे.

ओळखीसाठी मतदान कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, दिव्यांग प्रमाणपत्र, पेन्शनची फोटोसह कागदपत्रं अशी कागदं चालतात. मूळ कागद न्या. मोबाइलमधला फोटो चालत नाही आणि मोबाइल आत नेताही येत नाही.

बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या बहिणींसाठी : ओळख पटवायला चेहरा दाखवावा लागेल, पण तो महिला कर्मचाऱ्यासमोर दाखवण्याची सोय मागता येते. शांतपणे मागा. आणि आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय असं सांगितलं गेलं तर रडत-भांडत घरी यायचं नाही. ओळख पटवून 'प्रदत्त मत' मागायचं, ते मतपत्रिकेवर वेगळं घेतात.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, मतदानाच्या दिवशी सुट्टी जाहीर आहे आणि शहराबाहेर काम करणाऱ्या शहरातल्या मतदारालाही ती लागू आहे. उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी इथे राहणाऱ्यांचं मात्र या दिवशी मतदान नाही. 1972 मध्ये महापालिका झाली तेव्हापासून शहराची हद्द वाढलेलीच नाही, म्हणून ही गावं घराला घर लागून असली तरी ग्रामपंचायतीत आहेत. त्यांचं मत जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला.

जन्माचा दाखला : इथे उशीर महाग पडतो

आता दुसरा विषय, जो आम्हाला मतदानाइतकाच मोठा वाटतो. प्रशासकाच्या काळात लोकांची एक सवय मोडली. आधी कुठलाही कागद अडला की नगरसेवकाच्या घरी जायचं, तो फोन लावायचा. पाच वर्षं तो फोन नव्हता आणि लोकांनी कामंच पुढे ढकलली. त्यात सगळ्यांत जास्त नुकसान जन्मनोंदीत झालंय.

कायदा बदलला हे अजून पुष्कळांना माहीत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्ममृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाला शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, लग्ननोंद, सरकारी नोकरी या सगळ्यासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागत होतं तो काळ या मुलांपुरता संपला.

नोंद 21 दिवसांत केली तर फुकट होते. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की विषय महापालिकेच्या हातातून जातो. जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. आणि या शेवटच्या टप्प्यात महाराष्ट्रात 2025 पासून फार कडक झालंय. मालेगाव आणि इतर काही ठिकाणच्या उशिराच्या दाखल्यांवरून आरोप झाले, जानेवारी 2025 मध्ये सरकारने हे काम थांबवलं, मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आणली. आता पुरावे जास्त, चौकशी जास्त, जाहीर नोटीस, आणि खोटी माहिती आढळली तर फौजदारी गुन्हा. नुसत्या आधार कार्डावर जन्मदाखला मिळत नाही. तसे दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेशही निघाले आहेत.

या वादात कोण बरोबर, कोण चूक यावर आमचं मत आहे, पण त्याची जागा ही नाही. इथे सांगायचं ते एवढंच : एजंटाकडून दाखला काढून घेऊ नका. पाच-दहा हजारात "करून देतो" म्हणणारा माणूस चौकशी आली की फोन उचलत नाही, आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

मग जुन्या माणसाचा दाखला हवा असेल तर? आधी नोंद खरंच नाही का ते तपासा. बहुतेक वेळा नोंद असते, आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, आई-बाप जिथे राहतात तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आई निपाणीची असेल तर मुलाची नोंद निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. आई मिरजेची असेल तर मिरजेत. कोल्हापूर महापालिकेने "नोंद आढळत नाही" लिहून दिलं म्हणजे जन्म नोंदलाच गेला नाही असा अर्थ होत नाही. घरातल्या मोठ्या बायकांना विचारा कुठल्या दवाखान्यात झालं, मग त्या गावी अर्ज द्या.

दुसरी फार साधी अडचण : नोंद आहे, पण मुलाचं नाव नाही. दवाखान्यातून माहिती गेली तेव्हा अकीका व्हायचा होता, नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून रकाना रिकामा. अशा नोंदीत नाव एक वर्षापर्यंत मोफत घालता येतं आणि शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. याला प्रांताचा आदेश लागत नाही. घरातल्या सगळ्या मुलांचे दाखले आज रात्री पेटीतून काढून बघा. नाव कोरं असेल किंवा बापाचं नाव आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर मूल लहान असतानाच दुरुस्त करा. दहावीच्या फॉर्मच्या वेळी पळापळ होते ती यामुळेच.

मृत्यूचंही तेच. मय्यत झाली, दफन झालं, कब्रस्तानची पावती कपाटात गेली आणि महापालिकेत नोंद करायची राहिली, असं घडतं. इथेही 21 दिवसांचीच मुदत. वारसा, बँक, पेन्शन, घरफाळ्यावरचं नाव बदलणं, सगळं या दाखल्यावर. मृत माणसाचं नाव मतदार यादीत राहतं तेही त्यामुळे, आणि मग त्या नावावर दुसरंच कुणी मत देऊन जातं.

निकाहनामा असला तरी लग्नाची नोंद महापालिकेत वेगळी करावी लागते. 1998 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ती 90 दिवसांत करायची. वर-वधू, तीन साक्षीदार आणि निकाह लावणाऱ्या काझींची सही लागते. मुलगा आखातात नोकरीला जाणार असेल आणि बायकोला न्यायची असेल तर हे आधी करा.

कुठे जायचं

शहराची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट. आपलं घर कुठल्या कार्यालयाकडे येतं ते घरफाळ्याच्या बिलावरून कळतं. घरफाळा, पाणीपट्टी, दाखले यांची सुरुवात नागरी सुविधा केंद्रातून करायची.

सध्या काही ठिकाणी "आचारसंहिता आहे, निवडणुकीनंतर या" असं उत्तर मिळतं. आचारसंहितेत नवीन कामं जाहीर करता येत नाहीत, उद्घाटनं होत नाहीत. जन्माचा दाखला देणं, पाण्याची तक्रार घेणं, कचरा उचलणं यावर बंदी नसते. तोंडी उत्तर घेऊन परतू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाकून घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला दिवस ठरलेले आहेत आणि ते कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. दिवस उलटले तर त्याच फलकावर नाव असलेल्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. पण पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार?

हातगाडीवाल्या आणि फळविक्रेत्या भावांसाठी एक गोष्ट. केंद्राची स्वनिधी कर्ज योजना मार्च 2030 पर्यंत वाढवली आहे. पहिलं कर्ज आता 15 हजार, ते फेडलं की 25 हजार, मग 50 हजार. जामीन लागत नाही, पण विक्रेता म्हणून महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारस पत्र लागतं. कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीत वर्षानुवर्षं बसणाऱ्या ज्यांच्याकडे हा कागद नाही, त्यांच्यासाठी प्रचाराला आलेल्या उमेदवाराला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असावा. दुसरा प्रश्न कब्रस्तानच्या जागेचा आणि तिथल्या दिव्या-पाण्याचा. रमजान फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल. सहरीच्या वेळी नळाला पाणी कधी येणार हेही आत्ताच विचारून ठेवा.

निकालानंतर प्रभागात चार नगरसेवक असतील. त्यात एक धोका आहे, चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. म्हणून गटाराची, रस्त्याची, पाण्याची तक्रार एकाकडे तोंडी न सांगता एकाच कागदावर चौघांची नावं घालून द्या आणि त्याची एक प्रत विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्या.

ज्यांचं नाव यादीत मिळालंच नाही त्यांनी 16 तारखेनंतर लगेच नमुना 6 भरावा. नाव आहे पण चुकीचं आहे किंवा घर बदललंय त्यांनी नमुना 8. माहेरचं जुनं नाव किंवा घरातल्या मयत माणसाचं नाव काढायचं असेल तर नमुना 7. तिन्ही अर्ज भागातल्या बीएलओकडे किंवा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर देता येतात, माहितीसाठी 1950 हा क्रमांक आहे. भरताना नाव आधारवर जसं आहे तसंच, अक्षराला अक्षर लिहा.